बोलण्याआधीचं वर्ष

धर्मप्रचारकाच्या आयुष्यातलं मला सगळ्यात आवडणारं वर्ष म्हणजे पहिलं, त्याला प्रचार करता येत नाही ते. माणूस सांगायला निघालेला असतो. त्यासाठी त्याने घर सोडलेलं असतं, कधी देशही. आणि जिथे पोचतो तिथे त्याला तांब्याभर पाणीसुद्धा मागता येत नाही. कुणीतरी मुन्शी, कुणीतरी पंतोजी त्याच्यासमोर बसतो आणि मुळाक्षरांपासून सुरुवात करतो. ज्यांना शिकवायला आलो त्यांच्यासमोर आधी पाटी घेऊन बसायचं, ही अट मला फार न्यायाची वाटते.

अमेरिकेतल्या युटा राज्यात प्रोव्हो गावी मॉर्मन पंथाचं एक मोठं प्रशिक्षण केंद्र आहे. अठरा-एकोणीस वर्षांची मुलंमुली तिथे येतात. कोटावर नावाची काळी पट्टी, सोबत सतत एक जोडीदार, आणि रशियन बोलणाऱ्या मुलखात नेमणूक झाली असेल तर पुढ्यात रशियन भाषा. तेहतीस अक्षरं, सहा विभक्ती, आणि हे सगळं काही आठवड्यांत. तिथे प्रार्थना अगदी सुरुवातीलाच नव्या भाषेत करायला लावतात. शब्दसंपत्ती वीस-पंचवीस शब्दांची आणि त्यात देवाशी बोलायचं! कल्पना सुंदर आहे. पण काही आठवड्यांच्या त्या घाईबद्दल माझ्या मनात शंका राहते. भाषा देवाशी बोलून येते त्याहून अधिक भाजीवालीशी बोलून येते, असं माझं तात्यापाऱ्यात वाढल्यामुळे झालेलं ठाम मत आहे.

रायपूरचा तात्यापारा ही मराठी माणसांची जुनी वस्ती. बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपुरातून छत्तीसगढचा कारभार पाहत होते. पुढे १८१८ नंतर राजधानी रायपूरला आली, आणि १८३० ते १८५४ या काळात भोसल्यांचे जिल्हेदार इथेच बसत. हुकूम देणाऱ्यांची भाषा मराठी, वसुलाचे कागद मोडीत. पण कचेरीतून घरी आल्यावर धान कुटणारी, दूध घालणारी, मूल झालं की तेल लावायला येणारी बाई छत्तीसगढीच बोलायची. मराठी घरांतल्या बायका तिच्याकडून ती भाषा शिकल्या, पुस्तकाशिवाय, व्याकरणाशिवाय. आमच्याकडे आजी पूजा मराठीत सांगायची आणि दारातल्या टोपलीशी वाकून ‘का भाव देबे?’ असं विचारायची. तिला कुणी मुन्शी ठेवला नव्हता. ज्याच्या हातात राज्य असतं त्याच्या घरातली बाई अशी गुपचूप प्रजेची विद्यार्थिनी होते, आणि इतिहासाच्या पुस्तकांत तिच्याबद्दल एक ओळही सापडत नाही.

तात्यापारा चौकातून जाणारा जी. ई. रोड, म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोड, पश्चिमेला भिलाई, दुर्ग, राजनांदगाव करत नागपूरला जातो. या वाटेच्या नागपूरच्या टोकाला स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये आले. भोसल्यांच्या राजधानीत काम करायचं तर मराठी हवी, म्हणून ते आधी मराठी शिकले. मग थांबले नाहीत. गोंडांमध्ये फिरले, त्यांच्या गायकांच्या, परधानांच्या तोंडून लिंगो या त्यांच्या पुराणपुरुषाचं लांबलचक गीत उतरवून घेतलं. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ नाल्याच्या पुरात त्यांचा अंत झाला, आणि हे टिपण १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापून काढलं. त्यांनी किती माणसं ख्रिस्ती केली हे मला महत्त्वाचं वाटत नाही. ऐकायला शिकलेल्या कानाने एक अख्खं गीत वाचवलं, हे वाटतं.

याच वाटेने पुढे रायपूरकडे मिशनरी ऑस्कर लोर १८६८ मध्ये आले तेव्हा रेल्वे नागपूरपर्यंतच होती. पुढचा पल्ला बैलगाडीचा. १८५७ च्या आधी ते रांचीकडे राहून गेले होते, त्यामुळे हिंदी त्यांच्याबरोबर आली. रायपूरच्या उत्तरेला विश्रामपूर वसवून ते सतनामी पंथाच्या लोकांमध्ये राहिले. मार्कचं शुभवर्तमान मात्र छत्तीसगढीत आणलं त्यांच्या मुलाने, ज्यूलियसने. बाप हिंदीपर्यंत पोचला आणि मुलगा चुलीजवळच्या भाषेपर्यंत. त्याच सुमारास धमतरीचे शिक्षक हिरालाल काव्योपाध्याय छत्तीसगढीचं व्याकरण लिहीत होते. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सननी ते इंग्रजीत आणून १८९० मध्ये छापलं. भाषा शिकायला आलेल्यांना पुस्तक हवं होतं, आणि ते पुस्तक इथल्याच एका मास्तरांनी लिहिलं, याचा मला अभिमान वाटतो.

चांप्याला कुष्ठाश्रम उभारणारे पी. ए. पेनर हे मेनोनाइट मिशनरी तर मूळचे रशियन साम्राज्यातले. जन्म तिकडे, वाढ अमेरिकेत, घरची बोली जर्मन, आणि कामाची भाषा हिंदी. रशियन साम्राज्यातून निघालेलं एक कुटुंब असं फिरत फिरत हसदेवच्या काठी आलं. म्हणजे रशिया आणि छत्तीसगढ यांचं नातं आपण समजतो त्याहून जुनं आहे. फक्त ते लोखंडाच्या आधी जखमांच्या मलमपट्टीतून जुळलं होतं.

लोखंडाचं नातं आमच्या पिढीने पाहिलं. २ फेब्रुवारी १९५५ ला भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. धानाच्या शेतांमध्ये सोव्हिएत इंजिनिअर कुटुंबांसह राहायला आले, आणि इकडची तरुण पोरं प्रशिक्षणासाठी तिकडे गेली. त्यांना कुणी मिशनरी म्हटलं नाही. पण त्या वयाच्या मुलांना ‘देशासाठी पोलाद’ हा शब्दप्रयोग जसा भिनला होता, त्याला मला श्रद्धेशिवाय दुसरं नाव देता येत नाही. आमच्या शेजारचे काका त्यांतलेच. तात्यापाऱ्यातून ट्रंक घेऊन निघाले तेव्हा मुंबईसुद्धा पाहिली नव्हती. काकूंनी सोबत मेतकूट दिलं आणि पत्रात विचारलं, तिथे भात मिळतो का? काकांचं उत्तर काकू अजून सांगतात: भात मिळतो, पण मागावा कसा ते शिकतो आहे.

त्यांच्याकडेच नीना पोतापोवा यांचं रशियनचं जुनं पाठ्यपुस्तक होतं, आणि त्यांनीच मला पहिले धडे दिले. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण मराठी माणसाला रशियन शिकताना जे होतं ते मी इतर कुठल्या भाषेत अनुभवलेलं नाही. रायपूरच्या हिंदीत दोन लिंगं. आमच्या घरच्या मराठीत तीन. शाळेत हे तिसरं लिंग आम्ही लपवून ठेवायचो. हिंदीत बोलताना त्याचा उपयोग शून्य. आणि मग रशियन आली आणि म्हणाली, माझ्याकडेही नपुंसकलिंग आहे. भूतकाळ शिकताना तर मी उठून उभी राहिले. पुरुष होता तर ‘बिल’, स्त्री होती तर ‘बिला’, नपुंसकलिंगी वस्तू होती तर ‘बिलो’. गेला, गेली, गेलं! बाई बोलते आहे की पुरुष, ते मराठीत ‘मी गेले’, ‘मी गेलो’ यावरून कळतं. रशियनमध्येही क्रियापद ते सांगून टाकतं. या ‘ल’ची मुळं दोन्हीकडे वेगळी आहेत असं भाषाशास्त्रज्ञ सांगतात. असू देत. त्या संध्याकाळी मला परदेशात एक मावशी सापडल्याचा आनंद झाला होता.

काका म्हणत, ‘वाचत होतो’ आणि ‘वाचून काढलं’ यातला फरक ज्याला आईच्या दुधातून कळला आहे त्याला रशियन क्रियापदांच्या जोड्या पाठ कराव्या लागत नाहीत. एक क्रिया चालू असते, दुसरी तडीस जाते. इंग्रजीतून शिकणारा तिथे महिनोन्‌महिने अडतो. आम्ही अडतो ते दुसरीकडे. तात्यापाऱ्याहून सदर बाजाराला पायी जाणं आणि भिलाईला गाडीने जाणं याला रशियनमध्ये दोन वेगळी क्रियापदं लागतात. आणि त्यांच्या जिभेला ‘भ’ नाही, म्हणून रशियन लिपीत भिलाईचं ‘ब्खिलाई’ होतं. ज्यांनी ते शहर उभारायला मदत केली त्यांना त्याचं नाव नीट घेता येत नव्हतं, आणि त्याने काही बिघडलं नाही. भट्टी दोघांनी मिळून पेटवली.

भिलाईवरून नागपूरला जाणाऱ्या त्या वाटेवरची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८९० च्या दशकात कवी नारायण वामन टिळक नोकरीसाठी नागपूरकडून राजनांदगावला निघाले होते. गाडीच्या डब्यात त्यांची अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याशी गाठ पडली. बोलणं निघालं ते काव्याचं. उतरताना वॉर्डनी त्यांना नव्या कराराची प्रत दिली. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर काय गुदरलं ते लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घशाशी येतं. त्या दुःखाची बाजू मी कधी सोडणार नाही. तरी डब्यातल्या त्या भेटीबद्दल मला एक गोष्ट नेहमी जाणवते. वॉर्ड आधी कवितेबद्दल बोलले आणि कवीचं ऐकत बसले. या देशात त्यांना दहा-बारा वर्षं झाली होती. त्यांचं बोलण्याआधीचं वर्ष कधीच मागे पडलं होतं, पण त्या वर्षाची सवय गेलेली नसावी.

प्रोव्होहून रशियात जाणाऱ्या मुलांना २०१६ च्या कायद्यानंतर उघड प्रचार करायला परवानगी राहिली नव्हती. त्यांना तिथे स्वयंसेवक म्हणत. अठराव्या वर्षी जमवलेली विभक्ती आणि क्रियापदं घेऊन ती लोकांना मदत करत, इंग्रजी शिकवत आणि बहुधा पुष्कळ ऐकत. काकांना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, ‘पायी जायचं आणि गाडीने जायचं, ते जमलं का त्या पोरांना?’