मोसंबीचा प्रांत

गणितात फलाचा ‘प्रांत’, म्हणजे ‘क्ष’ला कोणत्या किमती घेता येतात ते, केव्हा लिहावे? आमच्या जालन्याकडे याचे उत्तर मोसंबीच्या ढिगापाशी मिळते. ६० मोसंबी क्ष जणांत सारखी वाटली, तर प्रत्येकाला ६० भागिले क्ष. क्ष शून्य नसावा, हे सूत्रच सांगते. ११५०च्या सुमारास भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ असे वेगळे नावच दिले. तेवढे न लिहिले तरी चालेल. पण प्रत्येकाला २४ द्यायची म्हटले, की तेच सूत्र बेधडक अडीच माणसे पुढे उभी करते! तिथे प्रांत लिहायलाच हवा. उघड गोष्टीचा उच्चार कशाला? पण आपल्या मनातली अट मनातच ठेवून मुलांचे गुण कापणे, हा मात्र अन्याय!