आपण कोणत्या बाजूला होतो?

सहामाही परीक्षेच्या अगोदर आठवीच्या मुलांना मी एक निबंध लिहायला दिला होता. विषय होता ‘आधुनिक जगातील संघर्ष आणि स्वातंत्र्यलढे’. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो आणि पाटसला राहतो. वह्यांचा गठ्ठा घरी आणून रात्री तपासायला बसलो. बहुतेकांनी पुस्तकातलेच उतरवून काढले होते. एका मुलीची वही मात्र वेगळी होती. तिने पहिले महायुद्ध 1914 ते 1918, दुसरे 1939 ते 1945 अशी यादी केली होती. अल्जीरियाला फ्रान्सकडून 1962 साली मिळालेले स्वातंत्र्य होते. लिबियाच्या उमर मुख्तारांना इटलीच्या सरकारने 1931 साली दिलेली फाशी होती. उमर मुख्तार मूळचे कुरआन शिकवणारे मास्तर आणि फाशीच्या वेळी सत्तरी ओलांडलेले, हे मीच एकदा वर्गात सांगितले होते.

चार पाने झाल्यावर तिने एक ओळ मोकळी सोडली होती आणि खाली लिहिले होते, ‘‘सर, इन सब लडाइयों में हम किस तरफ थे?’’

माझा लाल पेन तिथेच थांबला. कारण हा प्रश्न मला नवा नव्हता. फक्त आजवर तो मला दुसऱ्यांनी विचारला होता.

बी.एड. करताना सरावपाठात फाळणीचा धडा माझ्या वाट्याला आला. पाठ बरा झाला. बाहेर आल्यावर एक सहाध्यायी हसत म्हणाला, ‘‘तुझ्यासाठी सोपा होता. तुमच्याच लोकांचा धडा.’’ त्याच्या मनात विष नव्हते, हे मला आजही वाटते. पण त्या रात्री मी झोपलो नाही. उठून एका वहीत नावे लिहिली. मौलाना आझाद. खान अब्दुल गफार खान. 1927 साली फैजाबादच्या तुरुंगात फाशी गेलेले अशफाकउल्ला खान. ‘सायमन परत जा’ ही घोषणा देणारे आपल्या मुंबईचे युसूफ मेहेरअली. पुढे कित्येक वर्षे ही यादी मी खिशातल्या ओळखपत्रासारखी वापरली. कुणी विचारले की काढायची आणि दाखवायची. ओळखपत्रावरचा फोटो जसा आपण स्वतः कधी निरखून पाहत नाही, तसे त्या माणसांकडेही मी कधी नीट पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी वर्गात हीच यादी मी फळ्यावर लिहिली आणि तिच्यात सोलापूरचे एक नाव वाढवले. पाटसच्या मुलांना रेल्वेचे वेळापत्रक तोंडपाठ असते. मी विचारले, ‘‘सकाळी पुण्याकडे आणि संध्याकाळी सोलापूरकडे जाणारी, आपल्या स्टेशनावर न थांबणारी गाडी कोणती?’’ सगळे ओरडले, ‘‘हुतात्मा!’’ ‘‘मग हुतात्मा कोण?’’ वर्ग गप्प.

मग मी सांगायला लागलो. 1930 चा मे महिना. मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना 5 मे रोजी अटक झाली. गिरण्यांचे सोलापूर पेटले. 8 मे रोजी पोलिसांच्या गोळीबारात शंकर शिवदारे हा तरुण पडला. चिडलेल्या जमावाने पोलीस चौकीवर हल्ला केला, त्यात पोलीसही मारले गेले. पुढचे काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल उरलाच नाही. 12 मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. नुसती गांधी टोपी घातली तरी शिक्षा होऊ लागली. पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचे वृत्तपत्र चालवत. गझनफर म्हणजे सिंह. वय विशीच्या आसपास. आपल्या गावावरून रोज जाणारी ती गाडी या चौघांच्या नावाने धावते.

मुले खूश झाली. मीही खूश झालो. प्रश्नाचे उत्तर दिले असे मला वाटले.

शाळा सुटल्यावर ती मुलगी थांबली. म्हणाली, ‘‘सर, ये तो अच्छेवाले हुए. आणि जे चांगले नव्हते ते?’’

मग तिने नानीची गोष्ट सांगितली. नानीचे माहेर सोलापूरच्या पलीकडे, तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातले. 1948 साली तो भाग निजामाच्या राज्यात होता. नानी सात-आठ वर्षांची असेल. तिचा चाचा रझाकारांत गेला होता. खाकी घालून, काठी घेऊन गावभर फिरायचा, घरोघर धान्य मागायचा, नाही म्हणणाऱ्याला मारायचा. शेजारी एक पाटलाचे घर होते. त्या घरच्या म्हाताऱ्याला चाचाने चावडीपुढे, चार लोकांत मारले होते. मग पोलीस ॲक्शन झाली. फौजा पुढे गेल्या आणि मागे गावात जे सुरू झाले त्यात चाचाही गेला आणि ज्यांनी आयुष्यात काठी धरली नव्हती असे नानीचे अब्बाही गेले. नानीला आणि तिच्या अम्मीला त्याच पाटलाच्या घराने धान्याच्या बळदात तीन दिवस लपवले. मार खाल्लेला म्हातारा दारात बाज टाकून बसून राहिला.

‘‘नानी रझाकार म्हटले की थुंकते,’’ ती म्हणाली, ‘‘आणि अब्बांचे नाव निघाले की रडते. तो हम किस तरफ थे, सर?’’

मी तिला उद्या बोलू म्हणून घरी पाठवले. खरे तर मला पळ काढायचा होता. माझ्या त्या यादीत हैदराबाद नव्हतेच. मुक्तिसंग्रामाचा धडा मी दरवर्षी वीस मिनिटांत उरकतो. उर्दू शाळेत रझाकार शब्द उच्चारताना माझी मान खाली जाते आणि त्यानंतर गावोगावी काय झाले हे बोलायला जीभ रेटत नाही. ‘कशाला उकरून काढता’ असे दोन्हीकडचे लोक म्हणतील, ही भीती. वाचकहो, आपल्यापैकी किती जणांच्या घरात ही गप्प बसण्याची सवय आहे, ते ज्याने त्याने आठवून पाहावे.

त्या आठवड्यात मी तो धडा पहिल्यांदा पूर्ण शिकवला. जबाबदार राज्यपद्धतीसाठी निजामाशी लढणारे स्वामी रामानंद तीर्थ मूळचे शिक्षक होते, हे सांगितले. कासीम रझवीच्या रझाकारांनी केलेली लूट आणि खून सांगितले, एक शब्दही न गाळता. 13 सप्टेंबर 1948 ला सुरू झालेली आणि 17 सप्टेंबरला निजामाच्या शरणागतीने संपलेली कारवाई सांगितली. त्यानंतरच्या हत्या सांगितल्या. नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाहणीला पाठवले होते. त्यांच्या अहवालाने बळींचा अंदाज 27 हजार ते 40 हजार असा धरला, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नव्हता. शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही त्याच अहवालात आहे.

आणि मग शोएबुल्ला खान. हैदराबादच्या ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे संपादक. संस्थानाने भारतात सामील व्हावे, रझाकारांचा मार्ग विनाशाचा आहे, असे ते उर्दूत उघड लिहीत. ऑगस्ट 1948 मध्ये भररस्त्यात त्यांच्यावर हल्ला झाला. लिहिणारा हात तोडला गेला. त्यांचा जीव गेला तेव्हा स्वतंत्र भारताला जेमतेम एक वर्ष झाले होते.

सोलापूरचा संपादक इंग्रजांच्या फासावर गेला आणि हैदराबादच्या संपादकाला कलमा पढणाऱ्यांनीच मारले. मी दोन्ही नावे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली. त्यांच्याखाली पेशावर लिहिले. 23 एप्रिल 1930 रोजी तिथे नि:शस्त्र पठाणांवर गोळी झाडायला गढवाली पलटणीच्या चंद्रसिंग गढवालींनी आणि त्यांच्या शिपायांनी नकार दिला होता. शिपाई हिंदू, समोरची माणसे मुसलमान, हुकूम इंग्रजांचा. त्यांनी हुकूम मोडला आणि वर्षानुवर्षे तुरुंग भोगला.

मी मुलांना म्हणालो, ‘‘बाजू घराण्याकडून मिळत नाही. वेळ आली की ज्याला त्याला निवडावी लागते. एका घरातल्या दोन सख्ख्या भावांनाही वेगवेगळी निवडता येते.’’ वाक्य बोलून गेलो आणि माझे मलाच जाणवले की त्या सहाध्यायाला द्यायचे उत्तर हे होते. यादी दाखवायची गरज नव्हती.

निबंध वार्षिक अंकाच्या भिंतीपत्रकावर लावायचा तर नानीला विचारणे भाग होते. मी घरी गेलो. नानी ओट्यावर मेथी निवडत बसली होती. आता ऐंशीच्या पुढे आहे. मी म्हणालो, ‘‘नानी, चाचाचे नाव काढून टाकू का?’’ तिने बराच वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाली, ‘‘रहने दे, बेटा. त्याचे लपवशील तर त्या म्हाताऱ्याचेही लपवावे लागेल. त्याला मार कुणी दिला होता, ते कळल्याशिवाय तो दारात का बसला, ते पोरांना कसे कळेल?’’

पोरीने निबंध पुन्हा लिहून आणला. महायुद्धे होती, अल्जीरिया होते, उमर मुख्तार होते. सोलापूरच्या चौघांची नावे आता पुस्तकातल्यासारखी एका ओळीत होती. शेवटचा लढा म्हणून तिने नानीच्या गावचा बळद लिहिला होता. मी प्रत्येक लढ्याचे साल लिहायला सांगितले होते, म्हणून तिने कंसात 1948 टाकले होते. ‘लढणाऱ्याचे नाव’ या रकान्यात लिहिले होते, ‘बाजेवर बसलेले आजोबा’.

प्रश्नाची ओळ तिने काढली नव्हती. ती तशीच होती, फक्त ‘थे’ खोडून तिने ‘हैं’ केले होते.