वाक्याचे सांधे

पुणे–सोलापूर महामार्गालगत, दौंड तालुक्यात असलेल्या कासुर्डी गावातील मराठी माध्यमाचा विद्यार्थी माध्यमिक शाळेत इंग्रजीचे पुस्तक उघडतो, तेव्हा त्याच्याजवळ इंग्रजी शब्दांची जी शिदोरी आधीपासून असते, तिची दखल वर्गात फारशी घेतली जात नाही. उसाच्या फडात आणि गुऱ्हाळावर वाढलेल्या या मुलाला काहील, चुलवाण, गुळव्या आणि ढेप हे शब्द जितके घरचे, तितकेच मोटर, स्टार्टर, फ्यूज, बेअरिंग, व्हॉल्व्ह, ड्रिप, ट्रॉली आणि डिझेल हेही घरचे असतात. विहिरीवरची मोटर रात्री का बंद पडली हे तो सांगतो, तेव्हा त्याच्या एका वाक्यात तीन-चार इंग्रजी शब्द सहज येऊन जातात, आणि ते त्याला कुणी शिकवलेले नसतात. तरीही हाच विद्यार्थी इंग्रजीतील आठ शब्दांच्या वाक्यापुढे थबकतो. या विसंगतीचे कारण पाहिले असता वाचनाने नेमके काय शिकवायचे आहे हे स्पष्ट होते.

बोलीत आलेल्या या इंग्रजी शब्दांमध्ये बहुतेक सगळी नामे, म्हणजे वस्तूंची किंवा कल्पनांची नावे असतात. इंग्रजी क्रियापदसुद्धा मराठीत शिरताना नामासारखे वागते आणि त्याला ‘करणे’ किंवा ‘होणे’ यांचा आधार घ्यावा लागतो, जसे चेक करणे, स्टार्ट करणे, लेट होणे. शिवाय शब्द मराठीत आला की त्याला मराठीचे लिंग चिकटते. मोटर चालू ‘झाली’, ट्रक ‘आला’, बस ‘गेली’ असे म्हणताना मूल मराठीचे व्याकरण चालवत असते, कारण इंग्रजीत निर्जीव वस्तूंना असा लिंगभेद नाही. त्यामुळे या मुलाकडे इंग्रजीच्या विटा पुष्कळ असल्या, तरी त्या जोडणारा चुना नसतो. क्रियापदाची काळानुसार बदलणारी रूपे, शब्दयोगी अव्ययांचे काम करणारे पण नामाच्या आधी येणारे ‘इन’, ‘ॲट’, ‘फॉर’ यांसारखे शब्द, आणि नामापूर्वी येणारी ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ ही उपपदे, हे सारे बोलीतून कधीच येत नाही. प्रस्तुत लेखात या जोडणाऱ्या घटकांना वाक्याचे सांधे म्हटले आहे. हे सांधे सलग गद्याच्या वाचनातून कसे बसतात, याचा एका विद्यार्थ्याच्या, म्हणजे प्रस्तुत लेखकाच्याच, अनुभवाच्या आधारे येथे विचार केला आहे.

लेखकाचे माध्यमिक शिक्षण १९९० नंतरच्या दशकातले. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना सुरू झाले. त्यापूर्वी मराठी शाळांत इंग्रजीची ओळख पाचवीत होई आणि दहावीच्या परीक्षेला ती तृतीय भाषा म्हणून, मराठी आणि हिंदीच्या पाठोपाठ, सामोरी येई. पाचवी ते सातवी मुळाक्षरे, स्पेलिंगे आणि छोटी वाक्ये यांत जात आणि आठवीपासून एकदम पानभर गद्य समोर येई. वर्गात एक विद्यार्थी उभा राहून उतारा वाचत असे, शिक्षक प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगत आणि मुले तो पेन्सिलीने शब्दाच्या डोक्यावर लिहून घेत. आठवड्याभरात पुस्तकाची पाने अशी दुमजली होत की डोळा आपोआप वरच्या मजल्यावरचे मराठीच वाचू लागे. व्याकरण याहून वेगळ्या तासाला, वेगळ्या वहीत चाले. ‘टू’ काढून वाक्य पुन्हा लिहा, ‘ॲज सून ॲज’च्या जागी ‘नो सूनर दॅन’ वापरा, व्हॉइस बदला, क्वेश्चन टॅग जोडा, असे प्रश्न सूत्रांनी सुटत आणि त्यांचे गुणही मिळत. लेखकाला व्हॉइस बदलण्याचे सर्व नियम पाठ होते, पण ज्या उताऱ्यात कर्ता मुद्दाम लपवलेला असे, तेथे तो का लपवला आहे हे कधी कळत नसे. सुटी वाक्ये बदलण्याचे कौशल्य आणि वाक्य समजण्याचे कौशल्य यांच्यामधली ही दरी हाच खरा प्रश्न होता.

मराठी विद्यार्थ्याला इंग्रजी शिकवण्याचा जो मार्ग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तो तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा. नियम, शब्दांची यादी आणि मग मराठीतून इंग्रजीत व इंग्रजीतून मराठीत करायची वाक्ये, अशी तिची रचना आहे आणि तिने अनेक घरांत शिक्षकाची उणीव भरून काढली. तिचे ऋण मान्य करूनही हे सांगावे लागते की भाषांतराचे प्रत्येक वाक्य एकटे असते. त्याच्या आधी काय घडले आणि नंतर काय घडणार, हे त्याला ठाऊक नसते. इंग्रजीचे काही सांधे मात्र दोन वाक्यांच्या मध्येच असतात.

उपपदे हे याचे उत्तम उदाहरण होय. ‘द’ कुठे लावायचा याचे नियम लेखकाने नववीत तीन वेळा पाठ केले आणि तिन्ही वेळा रिकाम्या जागा चुकवल्या. पुढे दिवाळीच्या सुटीत इसापच्या कथांचे सोप्या इंग्रजीतले, कव्हर फाटलेले एक पुस्तक हाती आले. कथा सगळ्या मराठीतून ठाऊक होत्या. तहानलेला कावळा शेवटी पाणी पिणार आणि कोल्ह्याला द्राक्षे मिळणार नाहीत, हे आधीच माहीत असल्यामुळे अर्थ शोधण्याचा भार उरला नाही आणि लक्ष वाक्यांच्या घडणीकडे वळू शकले. तेव्हा दिसले की प्रत्येक कथेत प्राणी पहिल्यांदा येतो तो ‘अ’ घेऊन येतो आणि दुसऱ्या वाक्यापासून तोच प्राणी ‘द’ घेऊन वावरतो. हा नियम पुस्तकात छापलेला होताच. पण तो कळला, तो आजीच्या गोष्टीमुळे. आटपाट नगरात ‘एक’ राजा असतो आणि पुढच्या वाक्यापासून ‘तो’ राजा काहीतरी करू लागतो. मराठीत उपपदांची सक्ती नाही, तरी गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याला नवखा असलेला माणूस ‘एक’ म्हणून आणायचा आणि त्याची ओळख झाली की ‘तो’ म्हणायचे, ही रीत प्रत्येक मराठी मुलाला शाळेआधीच ठाऊक असते. इंग्रजीचे ‘द’ म्हणजे ऐकणाऱ्याला ठाऊक असलेल्या वस्तूची खूण आहे, हे एकदा उमगल्यावर त्याचे बाकीचे उपयोगही त्याच सूत्रात बसू लागले. सूर्याला ‘द’ लागतो, कारण कोणता सूर्य हे सांगावे लागत नाही.

या कथांना मराठीच्या इतिहासातही एक स्थान आहे. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी इसापच्या नीतिकथा १८२८ साली मराठीत आणल्या आणि शालोपयोगी मराठी गद्याचा पाया ज्या पुस्तकांनी घातला त्यांत त्या पुस्तकाची गणना होते. इंग्रजीच्या वाटेने मराठीत आलेल्या त्या कथा शंभरहून अधिक वर्षे मराठी मुलांच्या जिभेवर घोळल्यानंतर त्याच वाटेने उलट चालत एक मुलगा इंग्रजीत शिरला, ही गोष्ट लेखकाला आजही मोलाची वाटते. ठाऊक कथेचे वाचन म्हणजे वेळेचा अपव्यय, अशी समजूत शाळांत आढळते. व्याकरणाच्या दृष्टीने पाहता तेच सर्वांत फलदायी वाचन आहे.

याला शास्त्रीय आधारही आहे. वाचनातून भाषा शिकण्याच्या अभ्यासात ‘शब्दव्याप्ती’ ही संज्ञा वापरतात; एखाद्या मजकुरातील शंभर शब्दांपैकी किती शब्द वाचकाला माहीत आहेत, याचे ते प्रमाण होय. मदतीवाचून नीट समजायचे असेल तर हे प्रमाण ९८च्या आसपास असावे लागते, असे पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून पुढे आले. तीनशे शब्दांच्या पानाला हा हिशेब लावला, तर अनोळखी शब्द सहाच असावेत. लेखकाच्या आठवीच्या पुस्तकात पेन्सिलीने अर्थ लिहिलेले शब्द एकेका पानावर पन्नासच्या पुढे जात, म्हणजे ते वाचन नव्हतेच, ते उत्खनन होते. सहा शब्दांचा अर्थ आजूबाजूच्या वाक्यांवरून ताडता येतो. पन्नास अनोळखी असले, तर आजूबाजूलाही अंधारच असतो.

हीच अडचण मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षणाधिकाऱ्याने १९२०च्या दशकात ढाक्यात ओळखली होती. बंगाली मुले वर्षानुवर्षे इंग्रजी शिकतात आणि शाळा सुटल्यावर त्यांच्या हाती काहीच उरत नाही, हे पाहून त्याने वाचनाला अग्रक्रम दिला. जुने, साहित्यिक शब्द काढून त्याने नेहमीचे शब्द घातले आणि नवे शब्द मजकुरात विरळ पेरून क्रमिक पुस्तके लिहिली. पुढे १९५३ साली त्याने सुमारे दोन हजार अत्यावश्यक इंग्रजी शब्दांची यादीही प्रसिद्ध केली. त्याने मांडलेली एक कल्पना विम्याच्या व्यवहारातून घेतलेली आहे. विम्याचे हप्ते मध्येच थांबवले तरी पॉलिसीची काही रक्कम परत मिळते. तसेच शिक्षण मध्येच सुटले तरी विद्यार्थ्याच्या पदरात काय पडते, यावर अभ्यासक्रमाची किंमत ठरवावी, असे त्याचे म्हणणे होते. दहावीनंतर शेतीत, गुऱ्हाळावर, वाहनावर किंवा कंपनीत जाणारी मुले ज्या गावात असतात, तेथे हा विचार फार जवळचा वाटतो. ‘नो सूनर दॅन’ची अशी परतावा-किंमत शून्य आहे. सोप्या इंग्रजीतले पान न अडखळता वाचता येणे ही मात्र आयुष्यभर पुरणारी ठेव आहे.

वेस्टच्या थोडे आधी, दौंड तालुक्यातच केडगावला, पंडिता रमाबाई निराळ्या हेतूने अशाच एका कामात गुंतल्या होत्या. रमाबाईंनी संस्कृतचा पाया पक्का झाल्यावर प्रौढ वयात इंग्रजी आत्मसात केली आणि १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीतूनच पुस्तक लिहिले. आयुष्याच्या उत्तरार्धात मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, तेव्हा जेमतेम वाचू शकणाऱ्या स्त्रियांनाही कळावे म्हणून भाषा सोपी ठेवण्याचा त्यांचा आग्रह होता. १९२२ साली त्यांचे निधन झाले आणि संपूर्ण ग्रंथ त्यानंतर प्रसिद्ध झाला. नवशिक्या वाचकासाठी मजकूर सोपा करणे हे कमी प्रतीचे काम नव्हे, याचा एवढा मोठा दाखला तालुक्यातच असताना शाळेच्या कपाटात सोपी इंग्रजी पुस्तके ठेवण्यात संकोच वाटावा, याचे वाईट वाटते.

इसापनंतर लेखकाने एक वही सुरू केली, जिच्यात शब्दांचे सुटे अर्थ लिहायचे नाहीत एवढाच नियम होता. वाचनात भेटलेला प्रत्येक सांधा त्याच्या जोडीदारासह आणि मराठी जोडणीसह त्या वहीत उतरवला जाई. मराठीत बस‘ची’ वाट पाहतात, इंग्रजीत ‘वेट’च्या पुढे ‘फॉर’ येतो. मराठीत सापा‘ला’ भितात, इंग्रजीत ‘अफ्रेड’च्या पुढे ‘ऑफ’ येतो. मराठीत कोणा‘शी’ लग्न करतात, इंग्रजीतील ‘मॅरी’ला मात्र मध्ये काहीच चालत नाही. दहावीपर्यंत अशा दीडशेच्या वर जोड्या जमल्या आणि त्यांपैकी क्वचितच एखादी मुद्दाम पाठ करावी लागली, कारण प्रत्येक जोडीमागे कुणाचे तरी वाट पाहणे किंवा घाबरणे आठवत असे.

मराठी व्याकरणाची मदत घेताना एक सावधगिरी मात्र हवी. ‘मुलाने पुस्तक वाचले’ हे वाक्य मराठी व्याकरणात कर्मणी प्रयोगाचे आहे, कारण क्रियापद कर्माप्रमाणे, म्हणजे ‘पुस्तक’ या शब्दाप्रमाणे चालते. कर्मणी म्हणजे पॅसिव्ह असे समीकरण वर्गात सांगितले जाते आणि मूल या वाक्याचे इंग्रजीही पॅसिव्हमध्ये करू लागते. वास्तविक त्याचे सरळ इंग्रजी ॲक्टिव्हच आहे. इंग्रजी पॅसिव्ह समजायला त्याची गरज जिथे खरोखर असते तिथेच ते वाचावे लागते. कीटकनाशकाच्या डब्यासोबतच्या माहितीपत्रकावर औषध मुलांपासून दूर ‘ठेवले जावे’ अशा अर्थाची वाक्ये असतात. तिथे ठेवणारा कोण हे सांगायचे नसते, जो कोणी डबा हाताळेल त्या प्रत्येकासाठी ती सूचना असते, आणि मराठीत आपण तेच ‘दूर ठेवावे’ असे कर्ता न सांगता म्हणतो. कर्ता का लपवला जातो, या नववीतल्या प्रश्नाचे उत्तर लेखकाला पुष्कळ वर्षांनी असे गोठ्याच्या फळीवरच्या अशाच एका डब्यापाशी मिळाले.

अलीकडच्या काळात वस्तीवरच्या मुलांसोबत संध्याकाळी वाचन करताना लेखकाने परिसरातील इंग्रजी मजकुराचाही उपयोग करून पाहिला. महामार्ग चौपदरी झाल्यावर कासुर्डीजवळ टोलनाका उभा राहिला, त्यामुळे फलकांची उणीव नव्हती. पण फलकांचे इंग्रजी व्याकरणाच्या कामाचे नाही, हे लवकरच ध्यानात आले. दरांच्या फलकावर वाहनांची नावे आणि आकडे असतात, रस्त्यावरच्या पाट्यांवर आज्ञा असतात, आणि जागा वाचवण्यासाठी उपपदे गाळलेली असतात. सांधे काढून टाकलेली भाषा वाचून सांधे कळत नाहीत. म्हणून मुलांना पुन्हा कावळ्याच्या आणि कोल्ह्याच्या कथांकडेच नेले, आणि ‘एक’ व ‘तो’ यांची ओळख त्यांनी फारसे न सांगता पटवली.

त्यानंतर काही दिवसांनी आठवीतल्या एका मुलीने खोकल्याच्या औषधाची बाटली आणून तिच्यावरची, बाटली हलवून मग औषध घेण्याची सूचना वाचली. तिथे ‘बॉटल’च्या आधी ‘द’ होता. बाटलीचा उल्लेख तर पहिल्यांदाच आलेला, मग ‘अ’ का नाही, असे तिला विचारले. तिने बाटली उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, “पहिल्यांदा कुठं, काका? वाचणाऱ्याच्या हातातच हाये की ती.”