नोंदीचे व्याकरण

मराठी वाङ्मयाचे शिक्षण घेऊन आम्ही एका ग्रंथवितरण संस्थेत विक्रीच्या विदेची, म्हणजे डेटाची, प्रतिमाने रचतो, हे ऐकून आमच्या प्राध्यापक मित्रांना आमची कीव येते. व्यवस्थापक जे तक्ते आणि आलेख पाहून निर्णय घेतात, त्यांच्याखालची रचना ठरवण्याचे हे काम. त्यासाठी अर्विन, पॉवरडिझायनर यांसारखी साधने असतात. पडद्यावर चौकोन आखावेत, ते रेषांनी जोडावेत. कोष्टके उभी करणाऱ्या आज्ञा साधन स्वतः लिहून देते. भाषेच्या विद्यार्थ्याला परके वाटावे असे यात फारसे काही नाही, असे आमचे अनुभवान्ती मत झाले आहे.

या चौकोन-रेषांचे मूळ पीटर चेन यांनी १९७६ साली मांडलेल्या ‘एन्टिटी-रिलेशनशिप’ प्रतिमानात आहे. पुढे १९८३ मध्ये चेन यांनीच इंग्रजी वाक्यरचनेशी त्याचा मेळ दाखवला: सामान्यनामाची होते वस्तू, सकर्मक क्रियापदाचा होतो संबंध आणि विशेषणाचा गुणधर्म.

व्याकरणापाठोपाठ अर्थाचे प्रश्न येतातच. राल्फ किंबल यांनी ‘द डेटा वेअरहाउस टूलकिट’ या १९९६ च्या ग्रंथातून रूढ केलेल्या ताराकृती रचनेत मध्यभागी घटनांचे, आमच्याकडे विक्रीचे, कोष्टक असते आणि भोवती पुस्तक, दुकान, दिनांक यांची. मात्र मधल्या कोष्टकातील एक ओळ म्हणजे काय, हे आधी ठरवावे लागते. ‘एक पुस्तक’ घ्या. संपादकाच्या लेखी ते शीर्षक, मुद्रकाच्या लेखी आवृत्ती, गोदामाच्या लेखी प्रत. विल्यम केंट यांनी १९७८ च्या ‘डेटा अँड रिअ‍ॅलिटी’ मध्ये ही संदिग्धता पुस्तकाचेच उदाहरण घेऊन उलगडली आहे.

त्याहून अवघड प्रश्न भूतकाळाचा. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. डहाणूच्या दुकानात २०१२ साली विकलेले पुस्तक मग कोणत्या जिल्ह्यात मोजावे? जुने नाव पुसून नवे लिहिले, तर पालघरची विक्री त्या जिल्ह्याच्या जन्माआधीपासून दिसू लागते. कालावधी नोंदवून डहाणूसाठी दुसरी ओळ जोडली, तर इतिहास शाबूत राहतो. पण २०१४ नंतर ठाण्यातले वाचक एकाएकी घटल्याचा भास होतो. किंबल यांच्या परिभाषेत हे अनुक्रमे पहिला आणि दुसरा प्रकार. साधन दोन्ही सारख्याच तत्परतेने आखून देते. कोणता योग्य, हे सांगत नाही.

हा वाद केवळ तात्त्विक नव्हे. ठाणे जिल्ह्यात मराठी पुस्तके कमी पाठवावीत, असा प्रस्ताव आमच्या संस्थेत २०१५ साली आला, तो याच भासाच्या आधारे. वाचक होते तिथेच होते, सीमा सरकली होती. अखेरीस आम्ही प्रत्येक ओळीत तत्कालीन आणि विद्यमान असे जिल्ह्याचे दोन रकाने ठेवले, आणि तो प्रस्ताव मागे पडला.

प्राचीन ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारा संपादक एक पाठ स्वीकारतो, पण उरलेले पाठभेद तळटीपेत जपतो. आमच्या दोन रकान्यांमागचा विचार आम्ही त्या शिस्तीतूनच उचलला होता. प्राध्यापक मित्रांनी कीव करण्यापूर्वी एवढे ध्यानी घ्यावे.