आप्पांनी दाखवलेला मुरूम

डिप्लोमा करून नरडाण्याच्या एमआयडीसीत कामाला लागलो तेव्हा खोदकाम म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली, एवढंच मला ठाऊक होतं. जमिनीची ओळख करून दिली आप्पांनी. ते मिनी पोकलेनचे ऑपरेटर. त्याआधी तापीपलीकडे शिरपूरला, भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद-खोल होत होते तेव्हा, ते मोठ्या मशीनवर हेल्पर होते. पाणी मुरेल असा थर लागेपर्यंत खाली जायचं, हे तिथं पाहिलेलं. थर ओळखायची नजर तिथूनच आलेली.

दोन शेडमधल्या बोळीत पाया काढायचा होता. जेसीबीला मागचे पाय पसरायलाही जागा नव्हती. आप्पांनी छोटं मशीन आत घातलं, ब्लेड जमिनीला टेकवलं, केबिन थोडी एका अंगाला फिरवली, बूम मुळाशी उलट अंगाला वळवली आणि भिंतीलगत सरळ चर ओढत आणला. भिंतीच्या गिलाव्याला ओरखडा नाही. उकरलेली माती मात्र काठावर टाकू देत नसत. लांब न्यायला लावत.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी बॉनेट उघडून दाखवलं. इंजिन फक्त पंप फिरवतं, माती उकरतं ते दाबाखालचं तेल. लिव्हर हलली की व्हॉल्व्ह उघडतो, तेल सिलिंडरमध्ये शिरतं, दांडा बाहेर सरकतो. डाव्या हाताला केबिनचं फिरणं आणि आर्म, उजव्या हाताला बूम आणि बकेट. दोन्ही हात मिळून चालले तरच चराचा तळ सपाट येतो. कॉलेजात हायड्रॉलिक्सचा पेपर मी पास झालो होतो. पण समजला तो तिथं, डबा खाताना.

नकाशातली खोली भरली म्हणून मी टेप गुंडाळला. आप्पा म्हणाले, "भाऊ, पहिले माटी देख." तळाला अजून काळीच होती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया तिच्यावर ठेवला तर भिंतींना तडे ठरलेले. आणखी खाली गेल्यावर बकेटचे दात खरखरले, इंजिनाचा आवाज जड झाला. मुरूम लागला होता. खाली न उतरता त्यांना ते कळलं होतं. कन्सल्टंटना फोन करून खोली वाढवून घेतली.

आता नवी पोरं साइटवर येतात, तेव्हा सुरुवातीचे काही दिवस मी त्यांना मशीनजवळ उभं करतो, नकाशा हातात देत नाही. ते वैतागतात. मीही वैतागलो होतो.