इदलकानची टिपणे

१. सीवूड्स-दारावे, नवी मुंबई. स्थानकाच्या नावात इंग्रजी पुढे, गाव मागे. करावे शेजारीच, तिथवर चालत जायचे.

२. चर्चच्या नकाशावर करावे मुंबई महाधर्मप्रांतात येते. त्या प्रांताची वंशावळ मागे मागे नेली की १६३७ साल लागते: इदलकानचे व्हिकार अपोस्तोलिक, म्हणजे रोमचे थेट प्रतिनिधी, मातेओ दे कास्त्रो महाले. गोव्याच्या दिवाडी बेटावरच्या ब्राह्मण घरातले. लॅटिन पंथातले पहिले भारतीय बिशप.

३. इदलकान म्हणजे आदिलखान. विजापूरचा आदिलशहा पोर्तुगीज तोंडात गेला, तसाच रोमच्या दप्तरात उतरला.

४. महाले गोव्यातल्या रेइश मागूशला फ्रान्सिस्कनांकडे शिकले. शिक्षण झाले, गोव्याच्या आर्चबिशपांनी गुरुदीक्षा नाकारली. एतद्देशीय, म्हणून. बाप्तिस्म्याला ही अट नव्हती.

५. खुष्कीने निघाले. १६२५ ला रोम.

६. त्याआधी, १६१६ मध्ये, गोव्यातच राशोलला ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले होते. लेखक इंग्रज, भाषा मराठी. गोऱ्याने मराठीत ओव्या रचल्या, ते चालले. महाल्यांनी लॅटिनमध्ये मिसा म्हणावी, ते चालेना.

७. पूर्वेतले बिशप नेमायचा हक्क पोर्तुगालचा राजा आपला मानी. रोमने १६२२ मध्ये प्रोपागांडा हे धर्मप्रसाराचे खाते काढले. त्याला देशी पाद्री हवे होते. तिथे महाल्यांचे पुढचे शिक्षण झाले, दीक्षा झाली. परत आले, तर गोवा रोमचे कागद मानीना. पुन्हा रोम. गोव्यात साधे पाद्री म्हणून चालत नव्हते. रोमने बिशप करून पाठवले.

८. करावे गावठाणात एका काकांना विचारले, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात सिडकोचा साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळाला का?
‘फाईल हाय.’

९. बिशपांनी बस्तान मांडले डिचोलीला. पोर्तुगीज हद्दीबाहेर, आदिलशाहीत.

१०. करावेत ‘कॉन्व्हेंट’ म्हणजे इंग्रजी शाळा. आत सिस्टर असो-नसो. फी असते.

११. १६५३ ला महाल्यांनी पोर्तुगिजांविरुद्ध पुस्तिका लिहिली: ‘ब्राह्मणांचा आरसा’. बाकीच्या जातींसाठी आरसा नव्हता.

१२. अग्निपंखांच्या (फ्लेमिंगोंच्या) दिवसांत पामबीच रोडच्या कडेला लांब लेन्सचे कॅमेरे उभे राहतात. ओहोटी कधी लागेल, हे होडीवाल्याला विचारतात.

१३. आडनावाचे हाल: महालेचे ‘मालो’ झाले. पुढे कास्त्रो होतेच.

१४. पुतण्या तोमास दे कास्त्रो, तोही बिशप. क्रांती म्हणा, नाहीतर घराणे.

१५. महाले १६७७ साली रोममध्येच वारले. दिवाडीला आजही फेरीबोटीनेच जातात.