धोटा, पिकर आणि ‘घट्ट वीण’

मराठी समीक्षेने विणकराकडून पुष्कळ उसने घेतले आहे. कथेची वीण घट्ट असते, कादंबरीला पोत असतो, अनुभवांचे धागे एकमेकांत गुंफलेले असतात. आणि काहीच सुचले नाही तर ‘ताणाबाणा’ आहेच. भिवंडीच्या वर्गात हे शब्द आम्ही वर्षानुवर्षे वापरत आलो. समोरच्या कितीतरी मुलांच्या घरी यंत्रमाग. त्यांना ही प्रतिमा उलगडून सांगावी लागत नसे. तरी हे सारे शब्द तयार कापडाकडे पाहणाऱ्याचे आहेत. माग चालता ठेवणाऱ्याचा एकही शब्द आमच्या परिभाषेत आलेला नाही, हे आम्हांला जाणवले ते एका पिकरच्या शोधात हिंडताना.

पिकर म्हणजे मुठीत मावेल एवढा तुकडा. उभ्या धाग्यांच्या फटीतून आडवा धागा घेऊन धावणाऱ्या धोट्याला तो फटका देतो, आणि पलीकडचा पिकर तोच धोटा झेलून परत पाठवतो. जॉन के या इंग्रज कारागिराने १७३३ साली धावत्या धोट्याचे पेटंट घेतले, तेव्हापासून ही मूळ युक्ती फारशी बदललेली नाही. पूर्वी पिकर म्हशीच्या कच्च्या कातड्याचे करीत आणि तेलात मुरवीत. आता बहुधा प्लास्टिकच्या जातीचे असतात. मिनिटाला शंभरच फेऱ्या धरल्या तरी बारा तासांच्या पाळीत धोटा ७२,००० वेळा ये-जा करतो. तेव्हा पिकर झिजणारच. धोट्याचे पोलादी टोक एकाच जागी आदळून तिथे खळगा पडतो, आणि तो खोल गेला की धोटा सरळ सुटत नाही.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरच्या चार मागांपैकी एक अशाच खळग्यापायी उभा होता. झिजलेला तुकडा खिशात घालून तो निघाला आणि कुतूहलाने आम्हीही सोबत गेलो. नवा पिकर आणायचा आणि बसवायचा, एवढे सोपे ते नव्हते. भिवंडीतले अनेक माग मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले, जुन्या बाजारातून आलेले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, आणि मुंबईचे विणकाम इकडे वळण्याचा वेग वाढला. वेगवेगळ्या कारखानदारांचे, वेगवेगळ्या काळांतले माग एकाच छपराखाली नांदू लागले. म्हणून दुकानात माप सांगून भागत नाही, जुना तुकडाच दाखवावा लागतो. पहिल्या दोन दुकानांत तो माल ठेवणे बंद झाले होते. तिसऱ्या दुकानदाराने डब्यात हात घालून पाच-सहा काढले. त्यांतला एक जवळपास जुळला.

‘जवळपास’ आणि ‘जुळला’ यांमधले अंतर जॉबरने भरून काढले. विद्यार्थी त्यांना चाचा म्हणे. पिकर ज्या सळईवर सरकतो तिच्यावर तो अडकता कामा नये आणि डुगडुगताही कामा नये, म्हणून त्यांनी भोक कानशीने किंचित घासले. चामड्याचा पट्टा दांड्याला बांधून त्याची लांबी दोनदा बदलली. धोट्याच्या टोकाला खडू लावून तो पिकरवर टेकवला आणि ठिपका कुठे उमटतो ते पाहिले. सळई अगदी आडवी ठेवत नाहीत, तिचा आतला भाग जरा उंच असतो; त्यामुळे सुटताना धोट्याचे मागचे टोक उचलले जाते आणि पुढचे खाली दबून राहते. हे साधले नाही तर धोटा उडतो. उडालेल्या धोट्याने विणकरांचे डोळे गेले आहेत. “सर, आधी हाताने फिरवायचं, करंट नंतर,” चाचा म्हणाले. त्यांनी चाक हाताने फिरवले, कान दिला, पट्टा आणखी थोडा आवळला, आणि मगच बटण दाबले.

आज असे माग भंगारात वजनावर विकले जातात. महामार्गालगत गोदामे उभी राहिली, धोट्याविना चालणारे वेगवान माग आले. दिवसभर त्या खडखडाटात कानांची पार वाट लावणाऱ्या कामाविषयी हळहळ बाळगणे आम्हांला शोभणार नाही. मालाचा भाव पडला की ज्याची मजुरी बुडते, त्याला तर मुळीच नाही. पण मागाबरोबर चाचांचे ज्ञानही वजनावर जाते, आणि त्याची किंमत कुणी मोजत नाही. ‘धोटा’ मोल्सवर्थच्या कोशात सापडतो. खडूचा ठिपका नेमका कुठे उमटावा, हे कोणता कोश सांगणार?

विद्यार्थ्यांसह आम्ही आता एक वही सुरू केली आहे. भागाचे नाव, ते नाव कोण उच्चारतो, तो भाग कशाला जोडतात, आणि झिजला हे कसे ओळखतात, असे चार रकाने त्यात आहेत. चौथा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण त्यासाठी मुलांना घरच्या मागापाशी उभे राहून वडीलधाऱ्यांना विचारावे लागते. एखाद्या कथेची वीण घट्ट आहे असे आमच्या वर्गात कुणी लिहिले, की हल्ली आम्ही समासात एवढेच विचारतो: ती कुठे झिजते?